वर बघितलं तर दगड

ह्यूस्टन
रविवार, रात्र

ती. आई,

शि. सा. नमस्कार. बाबांना आणि आजीलाही. चार दिवस तू फोन घेत नाहीयेस आणि बाबा दर वेळी 'ती ओट्यापाशी आहे' एवढंच सांगतात. चार दिवस सलग कोणी ओट्यापाशी नसतं. म्हणून पत्र. बाबांना याची प्रिंट काढायला सांगितलीय, कारण फोनवर वाचलंस तर अर्ध्यात ठेवशील.

तो फोटो मी ग्रुपवर असा टाकायला नको होता. मागेपुढे काही न सांगता अंधारी गुहा, पाणी, पाठीवर सिलिंडर आणि त्यात तुझी धाकटी. आजीनं म्हणे विचारलं, "ही विहिरीत पडलीय की काय?" आजीचं फारसं चुकलेलं नाही. ती विहीरच, फक्त कोणी खणलेली नाही.

मेक्सिकोच्या युकातान भागात, त्यातही उत्तरेकडे, जमिनीवर नदी अशी नाहीच. पाऊस भरपूर, पण सगळा चुनखडक. पाणी खाली मुरतं, आणि हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आंबट झालेलं असतं, त्यामुळे मुरता मुरता दगडच विरघळवतं. खाली पोकळ्या होतात, एखादीचं छत ढासळतं आणि भर जंगलात गोड्या पाण्याचा डोह उघडा पडतो. त्याला तिकडे सेनोते म्हणतात. शब्द मूळचा माया लोकांचा, आणि त्यांची गावं जगली तीही याच पाण्यावर.

बाबा, तुम्ही मला लहानपणी कात्रजच्या नळाचे उच्छ्वास, ते दगडी मनोरे, दाखवायला नेलं होतंत, आठवतं? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणलं, असं सांगून तुम्ही मला दगडाला कान लावायला लावला होतात. मला काही ऐकू आलं नव्हतं, पण "आलं" म्हणाले होते. आपला काळा पाषाण असा विरघळत नाही, म्हणून आपल्याला नळ बांधावे लागले. तिकडे पावसानंच बांधून दिलेत. आणि खास तुमच्यासाठी: आपल्या पर्वतीखालचा दगड ज्या लाव्ह्याचा, तो ओतला जात होता साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. त्याच सुमाराला युकातानवर तो प्रचंड अशनी आदळला. डायनासोर नक्की कुणी मारले, आपल्या लाव्ह्यानं की त्यांच्या अशनीनं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या विवराच्या कडेकडेनं सेनोतेंचं एक कडंच आहे. मी उतरले ते मात्र त्यातलं नाही, ते पूर्वेला समुद्राजवळ, तुलुमच्या बाजूला. नाव दोस ओहोस, म्हणजे दोन डोळे. शेजारीशेजारी दोन खड्डे, पाण्याखालून जोडलेले.

आता आई, तुझ्यासाठी. खरं काय झालं ते.

उतरण्याआधी अर्धा तास नुसते नियम. एका गाइडबरोबर जास्तीत जास्त चार जण. प्रत्येकाकडे दोन टॉर्च. आत दोर बांधलेला, तो सोडून भटकायचं नाही. हवेचा एक तृतीयांश भाग जायला, एक यायला आणि उरलेला हात न लावता ठेवायचा, कोणाचं काही बिघडलं तर. आणि कुठेही असलो तरी बाहेरचा उजेड दिसला पाहिजे. उजेड संपतो तिथे पाटी आहे: कोयता घेतलेला सांगाडा, आणि जीव द्यावा असं पुढे काहीही नाही, या अर्थाचा मजकूर. आपला यम निदान रेड्यावरून तरी येतो.

पाणी 25 अंश, आणि इतकं स्वच्छ की आहे की नाही कळेना. टिळक टँकवर बाबांनी हनुवटीखाली हात धरून शिकवलेले बेडकाचे पाय इथे कामी आले. पाय वरखाली मारले तर तळाचा गाळ उठतो आणि मिनिटभरात स्वतःचा हात दिसेनासा होतो. गोड्या पाण्यात माणूस खाऱ्यापेक्षा कमी तरंगतो, म्हणून कमरेची शिशाची दोन वजनंही काढून ठेवायला लावली. खोली फार नव्हती, दहा मीटरच्या आतच.

छताला लवणस्तंभ लोंबतात. शाळेत 'अधोमुखी लवणस्तंभ' म्हणून घोकलेले, तेच. हिमयुगात समुद्र खूप खाली होता, गुहा कोरड्या होत्या, तेव्हा थेंबाथेंबानं झालेले. मग पाणी चढलं. मी मान वर करून ते बघत होते. माझे बुडबुडे छताला जाऊन पाऱ्यासारखे पसरत होते, फुटत नव्हते. तेव्हा एकदम डोक्यात शिरलं की ते फुटत नाहीत, कारण वर हवाच नाही. वर दगड आहे. समुद्रात घाबरलं तर वर जायचं हे अंगात मुरलेलं, आणि इथे वर जायला जागाच नाही. श्वास धापा टाकल्यासारखा व्हायला लागला. सिलिंडरमधल्या हवेचा काटा भराभर खाली.

मी अंगठा वर केला.

आई, पाण्याखाली अंगठा म्हणजे 'छान' नव्हे. अंगठा म्हणजे डायव्ह संपली, परत फिरा. तो कोणीही, कधीही, कारण न देता दाखवायचा आणि बाकीच्यांनी मुकाट फिरायचं. गाइडनं माझ्या डोळ्यांत बघितलं, तसाच अंगठा दाखवला आणि दोर धरून आम्ही चौघं मागे वळलो. दहाच मिनिटं झाली होती. बाकी दोघांनीही पैसे भरलेले, सुट्टी काढलेली. वर आल्यावर मी माफी मागायला लागले, तर त्यातल्या बाई म्हणाल्या, केळं खाणार का?

मला तेव्हा आपल्या वाड्यातल्या काकूंचा मुलगा आठवला. खडकवासल्याच्या धरणात बुडून गेलेला. तू त्यानंतर मला दोन वर्षं पोहायला पाठवलं नाहीस. त्याचे मित्र नंतर सांगत होते ना, पाण्यात उतरतानाच दोघांना नको वाटत होतं, पण हसतील म्हणून बोलले नाहीत. फोटो बघून तुला तोच आठवला असणार. तू म्हणाली नाहीस, पण मला कळतं.

दुपारी मी परत उतरले. हेही सांगतेच, लपवत नाही. या वेळी वर बघितलंच नाही, समोरच्या फिन्सवर नजर ठेवली. एका ठिकाणी कोणीतरी दगडावर बार्बीची बाहुली ठेवलीय, तिला प्लॅस्टिकची मगर खातेय. एवढ्या पुरातन जागी असला वात्रटपणा! मी हसले आणि मास्कमध्ये पाणी शिरलं. मग दुसरा डोळा आला, पाण्यातून उतरलेले उन्हाचे तिरके पट्टे. तो तुला पाठवलेला फोटो तिथला.

ही गुहा पाण्याखालच्या गुहांच्या ज्या जाळ्यात आहे ते 2018 मध्ये मोजलं तेव्हा 347 किलोमीटर भरलं. त्याच जाळ्यात, दुसरीकडे, 2007 मध्ये डायव्हर्सना एका मुलीचा सांगाडा सापडला. पंधरा-सोळा वर्षांची, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीची. गुहा कोरडी असताना पाणी शोधत आत गेली आणि अंधारात खड्ड्यात पडली असावी, असं म्हणतात. शास्त्रज्ञांनी तिचं नाव नाइया ठेवलंय. रात्री हॉटेलात हे वाचलं आणि तुला फोन लावला. तू ओट्यापाशी होतीस.

बाबांनी फोटोला अंगठा पाठवला होता. त्यांना सांग, आता मला तो बघितला की पोटात धस्स होतं.

दिवाळीचं तिकीट काढलंय. आजीला सांग, तिचा चष्मा मी आल्यावर बदलू, तोवर तोच वापर. उद्या तुझ्या सकाळी साडेसातला फोन करते. ओट्यापाशी असलीस तर स्पीकरवर ठेव.

तुझी,
धाकटी