वीसपैकी नऊ

सांगली, मंगळवार

प्रिय दिग्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. आईचा गुडघा बरा, माझी शुगर आहे तिथेच.

दर रविवारी आमच्या माडीवर चिनूची टोळी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळते आणि मला त्यांनी डंजन मास्टर करून ठेवलंय. मी सांगायचं, 'गुहा आहे, आत कोणीतरी घोरतंय.' आपलं पात्र काय करणार ते पोरांनी बोलायचं. जमेल की नाही अशी शंका आली की २० बाजूंचा फासा. त्यात पात्राचा गुण मिळवून ठरलेला आकडा गाठला तर जमलं. गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला खेळ. पण आपल्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या नाटकात तरी वेगळं काय होतं? सूत्रधार पदं गायचा, पात्रं आयत्या वेळी बोलायची. फासा तेवढा नव्हता. हे पोरांना सांगायला गेलो तर चिनू म्हणाली, "काका, लांडग्याचं काय झालं?"

लांडग्याने चिनूचीच जादूगारीण पाडली. औषधवाला गडी दरीपलीकडे अडकलेला. जीव शून्यावर आला की दर पाळीला फासा टाकायचा: १० किंवा वर आलं तर यश, खाली अपयश. तीन यशं आधी झाली तर तगली, तीन अपयशं झाली तर गेली. तिची दोन अपयशं झाली आणि वहिनींनी जेवायला हाक मारली. पुढचा फासा येत्या रविवारी. २०पैकी ९ आकडे तिला मारतात.

आता वहिनीच मागे लागल्यात, पोरगी जेवत नाही म्हणून. (भडंग खाते, मी पाहिलंय.) एखादा साधू आणून तिला उठवायची मुभा मला आहे. पण मग बाकीच्यांनी फासे कशाला टाकायचे? आठवतं, व्यापारात तू बँक सांभाळायचास आणि हरणाऱ्याला गुपचूप नोटा सरकवायचास? मी पट उधळला, दिवाळीभर अबोला. तेव्हा माझंच बरोबर होतं, आजही आहे. फक्त बँक माझ्याकडे आल्यापासून हात शिवशिवतोय.

चिनूने स्वतः काहीच मागितलेलं नाही. काल एकटीच चार फासे टाकून त्यातला लहान सोडत होती आणि उरलेल्यांची बेरीज लिहीत होती. नवं पात्र असंच बनवतात. मी विचारलं तर वही मिटली.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? धाकट्याची बारावी कशी चाललीय? सविस्तर लिही. पण आधी साधूचं सांग, रविवारच्या आत. फोन करू नकोस, चिनू ऐकते.

तुझा,
बाळ्या