२१ हजारांची अट आता बदला

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय,

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन एखादी विधवा बाई आमच्यासारख्या तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे येते, तेव्हा सगळ्यात आधी आम्ही उत्पन्नाचा दाखला बघतो. कारण अर्ज अडतो तो बहुतेकदा तिथेच. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. आई आणि दोन लेकरे धरली तर माणशी १९ रुपये. एवढ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात घर चालत नाही, हे अर्ज तपासणाऱ्यालाही ठाऊक असते.

२०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने बाईने ६८ दिवस माती वाहिली की ती २१ हजारांच्या वर जाते. म्हणजे रोजगार हमीच्या कायद्याने तेव्हा दिलेले १०० दिवसांचे काम तिने पुरते केले असते, तर निराधार योजनेच्या लेखी ती निराधार उरली नसती.

याच राज्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. रक्कम दोन्हीकडे सारखीच, महिना १५०० रुपये. नवरा हयात असलेल्या, मिळवत्या घरातल्या बाईला अडीच लाखांपर्यंत मुभा आणि विधवेला २१ हजार, हा जवळपास बारा पटींचा फरक कशासाठी? लाडकी बहीणच्या अर्जाला पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले की उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. ती सवलत योग्यच होती. मग निराधारच्या अर्जाला ती का नको? ज्या बायकांनी विधवा असूनही लाडकी बहीणचाच फॉर्म भरला, त्यांचे काही चुकले नाही; त्यांनी सोपी वाट धरली. पण ती वाट ६५ वर्षांपर्यंतच जाते. पुढे वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेच्या दारात पुन्हा तीच २१ हजारांची अट उभी असते.

या अटीमुळे प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. उत्पन्नाच्या दाखल्याआधी तलाठ्याचा चौकशी अहवाल लागतो. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात.) खरे उत्पन्न लिहिले तर बाई बाद. २१ हजारांच्या आत लिहिले तर खोट्यावर सही. कोणी सहानुभूतीने लिहून देतो, कोणी नियमावर बोट ठेवतो आणि कोणी या अडचणीची किंमत घेतो. एकाच गावातल्या दोन सारख्या घरांपैकी एकीला अनुदान सुरू आणि दुसरी तीन वर्षे हेलपाटे घालते, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

त्यात उत्पन्न ‘कुटुंबाचे’ धरतात. नवरा गेल्यावर सून सासऱ्यांच्याच रेशनकार्डावर असते, म्हणून दिराची कमाईही तिच्या खात्यात मोजली जाते. विभक्त कार्ड काढायचे तर जुन्या कार्डातून नाव कमी करावे लागते आणि तिथे कार्डधारकाची सही मागतात. सासरच्यांना भीती वाटते की आज कार्ड वेगळे मागते, उद्या सातबाऱ्यावर हिस्सा मागेल. सही मिळत नाही. ती स्वतंत्र चूल मांडून राहत असेल, तर ग्रामपंचायतीचा दाखला आणि स्थळपाहणी यावर विभक्त कार्ड द्यावे, सासरच्यांच्या सहीवर नव्हे. तसा स्पष्ट आदेश आपण अन्न व नागरी पुरवठा विभागाशी बोलून काढून घ्यावा.

नावांचा घोळ ही दुसरी मोठी अडचण. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडे रीत. शाळेच्या दाखल्यावर सुनीता, रेशनकार्डावर सविता. नवऱ्याच्या आधारवर बाळासाहेब, मृत्यूच्या दाखल्यावर बाळू, कारण नोंद करायला गेलेल्या चुलत्याने घरात हाक मारायचे तेच नाव सांगितले. ही एक नोंद दुरुस्त व्हायला काही वेळा महिने जातात. मृत्यूची नोंदच २१ दिवसांत झाली नसेल तर काम आणखी लांबते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि ग्रामपंचायतीची खात्री एवढ्यावर अर्ज पुढे जायला हवा. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असूनही तहसीलच्या आवारात बायकांना स्टॅम्प पेपर घ्यायला लावतात, तेही थांबवावे.

पैसे थेट खात्यात येऊ लागले, हे चांगलेच झाले. पण ‘आधार बँकेला जोडले’ आणि ‘पैसे या खात्यात येतील’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी समजावून सांगत नाही. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधली देवघेव सांभाळणारी संस्था, तिच्या नोंदीत आधारला जे खाते जोडलेले असते, रक्कम तिथेच जाते. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना उघडलेले पेमेंट बँकेचे खाते त्या नोंदीत बसले, तर अर्जासोबत जोडलेले पासबुक कोरेच राहते. बाई समजते अनुदान बंद झाले; कार्यालय सांगते रक्कम गेली. दोघांचे म्हणणे खरे असते. आधारच्या संकेतस्थळावर ही नोंद दिसते, पण ती बघायला आधारशी जोडलेला मोबाइल नंबर लागतो आणि तो बहुधा गेलेल्या नवऱ्याचा असतो. तहसीलमधल्या संजय गांधी योजना शाखेतल्या लिपिकाने रक्कम कोणत्या बँकेत गेली एवढे लिहून दिले, तरी निम्मे हेलपाटे वाचतील.

आता संस्थांबद्दल. २०२१ मध्ये करोनाने पती गमावलेल्या बायकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू झाले, तेव्हा तालुका पातळीवर समित्या नेमल्या गेल्या. तलाठी, अंगणवाडी सेविका आणि गावात फिरणारे कार्यकर्ते एका टेबलाशी बसले, तिथे अर्ज हलले, कारण कुठला कागद कुणाकडे अडला आहे ते समोरासमोर कळत होते. मृत्यू करोनाने झाला की अपघाताने, की आत्महत्येने, यावर घरातली उपासमार ठरत नाही. ती रचना सगळ्या एकल महिलांसाठी कायम करावी. संस्थांना यासाठी पैसे नकोत; बैठकीची तारीख आधी कळावी आणि प्रलंबित अर्जांची यादी कारणांसह मिळावी.

निराधारच्या अर्जांना मंजुरी देणारी तालुका समिती सरकार बदलले की बरखास्त होते आणि नवी नेमणूक होईपर्यंत फायली पडून राहतात. अशा काळात तहसीलदारांनी दर महिन्याला बैठक घ्यावी, असे बंधन घाला.

महोदय, दिव्यांगांसाठी उत्पन्नमर्यादा ५० हजार केली तेव्हा तिजोरी कोसळली नाही. विधवा, परित्यक्ता आणि वृद्धांसाठी ती किमान अडीच लाखांशी जुळवावी आणि पिवळे-केशरी कार्ड हाच पुरावा मानावा. ते होईपर्यंत, नामंजूर झालेल्या प्रत्येक अर्जाचे कारण अर्जदाराला मराठीत, लेखी आणि सहीशिक्क्यासह द्यावे, एवढे परिपत्रक तरी आपल्या सहीने याच महिन्यात निघावे.

आपले,
एकल महिलांसोबत तालुका पातळीवर काम करणारे कार्यकर्ते