अंदाजे टाकलं गं!

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

परवाच्या अंकातला मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या, जलतरण स्पर्धांवरचा लेख वाचला. साठी-सत्तरीतल्या लोकांचे फोटो बघून बरं वाटलं, त्याबद्दल आभार. पण एंट्री टाइम, म्हणजे आपण किती वेळात पोहतो तो आकडा, फॉर्मवर ज्याचा त्यानेच भरायचा आणि सगळं कसं विश्वासावर चालतं असं जे कौतुकाने लिहिलंय ना, ते वाचून आधी हसू आलं आणि मग दिवसभर डोकं फिरलं. लेखक महाशय हीट शीट (कोण कुठल्या हीटमध्ये, म्हणजे फेरीत, आणि कुठल्या लेनमध्ये पोहणार ती यादी) भिंतीवर लागल्यावर कधी टँकवर उभे राहिलेत का?

मागच्या वर्षीचंच सांगते. स्पर्धा कुठली ते लिहीत नाही कारण मला तिथे परत पोहायचंय. ४०० मीटर फ्रीस्टाइलला बायका कमी, म्हणून सगळे वयोगट एकत्र करून एंट्री टाइमप्रमाणे हीट लावल्या, हळू पोहणाऱ्या आधी आणि फास्टवाल्या शेवटी. मेडल मात्र वयोगटाचं. माझा टाइम ६:५२, आधीच्या स्पर्धेतला, खरा, तोच भरला. शेवटच्या हीटमध्ये पोहले, माझ्या गटातल्या सगळ्या मागे आहेत हे टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, दिसत होतं, मग शेवटच्या पन्नासला कशाला जीव काढा. ६:४९ लागले. मैत्रिणींनी मिठ्या मारल्या, नवऱ्याने घरच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला. अर्ध्या तासाने रिझल्ट लागला तर गोल्ड एका भलत्याच बाईंना, ६:४१, पहिल्या हीटमधून! त्यांनी एंट्री टाइम भरला होता १० मिनिटं. १० मिनिटं!! एकेकाळी राज्य पातळीवर पोहलेल्या बाई. त्या हीटमध्ये बाकी सगळ्या पहिल्यांदाच स्पर्धेला आलेल्या, त्यातल्या एक काकू दोन लेन सोडून अजून निम्म्यावर होत्या आणि या बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बसल्यापण.

त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं सराव नव्हता, अंदाजे टाकलं गं." सव्वातीन मिनिटांनी चुकणारा अंदाज! आयोजकांकडे गेले तर, "मॅडम, वेळ त्यांची कमी आहे ना, मग?" हो, कमी आहे, मेडल त्यांचं, मान्य. पण आम्ही दोघी शेजारी शेजारी पोहलो असतो तर निकाल काय लागला असता हे आता कोण सांगणार. रेस म्हणजे समोरचा दिसायला नको का?

उलटे नगही आहेत. ५० मीटरला २९ सेकंद भरून मधली चार नंबरची लेन घ्यायची आणि ४१ ला भिंतीला हात लावायचा, कारण मधल्या लेनचा फोटो चांगला येतो. काहीजण सोसायटीच्या २५ मीटर टँकमधला टाइम ५० मीटर पूलच्या स्पर्धेला बिनदिक्कत भरतात. अहो, ४०० ला तिथे १५ टर्न मिळतात आणि इथे ७, प्रत्येक टर्नला भिंतीचा धक्का फुकट. हे पोहणाऱ्याला कळत नाही असं मी तरी मानणार नाही.

मुंबई मॅरेथॉनला आधीच्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट मागतात, आपल्याकडे एवढंही जमत नसेल तर निदान रिझल्ट शीटवर एंट्री टाइम आणि प्रत्यक्ष टाइम शेजारी शेजारी छापा. आकडे तर कॉम्प्युटरमध्ये असतातच, एक कॉलम वाढेल. ज्याला खरंच टाइम माहीत नाही त्याने नो टाइम लिहावं, त्यात कसली लाज. पण ओळखीच्या माणसाला कोण दुखावणार, शेवटी संध्याकाळी सगळे एकाच टँकवर भेटतात.

आणि विषय निघालाच आहे तर, बायकांच्या लांब पल्ल्याच्या इव्हेंट दर वेळी पुरुषांच्या झाल्यावर दुपारी दीडलाच का? फरशी इतकी तापलेली असते की स्टार्टिंग ब्लॉकपर्यंत उड्या मारत जावं लागतं आणि तोवर टाइमकीपर मंडळी जेवणाच्या रांगेत. तुमच्या लेखासोबत पाच फोटो होते, त्यातले चार पुरुषांचे, तेही सकाळच्या कोवळ्या उन्हातले. फोटोग्राफरला पुढच्या वेळी दीडला पाठवा.

कळावे,
एक जलतरणपटू (वयोगट ५०-५४), पुणे