केडगाव स्टेशनवरच्या त्या तिघांचे मनापासून आभार

ईस्टरच्या रविवारी आईला घेऊन पुण्याहून केडगावला निघाले होते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिची आजी दुष्काळात पोरकी झालेली मुलगी. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, तिथल्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल अशाच मुलींच्या हातांनी छापलं गेलं. बाई १९२२ मध्ये वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आला. त्या मुलींपैकी किती जणींची नावं आज कुणाला ठाऊक आहेत? आईला मरण्यापूर्वी एकदा त्या आवारात उपासनेला बसायचं होतं.

गाडीतून उतरताच उन्हानं आईला भोवळ आली. मी पुरती गोंधळले. कॉलेजच्या वयाच्या एका मुलीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओढणी भिजवून कपाळावर ठेवली. चहावाल्या दादांनी धंदा सोडून लिंबू-साखरेचं पाणी आणलं. रिक्षावाल्या भाऊंनी आधी दवाखान्यात, मग तासभर थांबून मिशनच्या दारात सोडलं. पैसे देऊ लागले तर म्हणाले, “राहू द्या ताई. आजी, माझ्या लेकीसाठी प्रार्थना करा.”

तुमचा धर्म मी विचारला नाही, नावंही विचारायची राहून गेली. त्याची फार चुटपुट लागलीय. ख्रिस्तानं आमच्यासाठी काय केलं हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या दिवशी ते फलाटावर पाहिलं.

भाऊ, आई रोज रात्री तुमच्या लेकीसाठी गुडघे टेकते.