काका, ते कार्ड अजून परीकडंच आहे

काका, नमस्कार.

समोर येऊन बोलायचं म्हणलं की माझा गळा भरून येतो आणि तुम्ही लगेच "चहा सांगू का ताई" म्हणून विषय बदलता, मागच्या आठवड्यात दोनदा तसंच झालं, म्हणून लिहायलेय. तुमचा पुतण्या मोबाईलवर वाचून दाखवील. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण आपल्या तालुक्यातल्या ज्या लेकरांनी हा उन्हाळा वाचनालयाच्या फरशीवर काढला त्यांना बरोबर कळंल कोणते काका.

परी आता पाचवीत गेली. चौथी संपली तेव्हा तिला एक पान सरळ वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण 'कमल'चं 'कलम' व्हायचं, एका ओळीवरून नजर घसरून खालच्या ओळीत जायची, मग घाबरून अंदाजानं काहीतरी बोलून मोकळी व्हायची. तोंडी विचारा, सगळं येतं. गोष्ट एकदा ऐकली की शब्दाला शब्द सांगते, तिच्या आजीनं सांगितलेल्या सगळ्या कहाण्या तिला पाठ आहेत. पण पुस्तक पुढं केलं की लेकराचे हात थंडगार.

आपला जिल्हा लातूर पॅटर्नचा. निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स, कोणाला किती मार्क, कोणाचा नंबर कुठं लागला. पोरं शिकायलीत, पुढं चाललीत, चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण अशा ठिकाणी ज्या लेकराला वाचताच येत नाही त्यानं उभं कुठं राहायचं? शाळेत तिला सगळ्या वर्गापुढं धडा वाचायला लावला, पोरं हसली, बाईंनी हसू दिलं. ट्यूशनचे सर म्हणले लक्ष नाही हिचं, मोबाईल बंद करा, दोन महिन्यांची फी घेतली आणि तिसऱ्या महिन्यात म्हणले हिच्यामुळं बॅच मागं राहायलीय, दुसरीकडं बघा. सुट्टीतल्या एका शिबिरातून तर दुसऱ्याच दिवशी परत पाठवली. 'तारे जमीन पर' २००७ साली आला, त्यातल्या पोराला अशीच अक्षरं नाचताना दिसतात. आमच्या गल्लीत तो सगळ्यांनी बघितलाय, पाव्हण्यारावळ्यांनी बघितलाय, त्या सरांनी पण बघितलाय, त्यांनीच मला सांगितलं लई रडायला आलं म्हणून. पडद्यावरच्या लेकरासाठी रडलेल्या माणसांनी माझ्या लेकराला तिच्या तोंडावर मठ्ठ म्हणलं. ते माझ्या मनातून अजून गेलं नाही.

खरं सांगते काका, मी तिला पुस्तकासाठी तुमच्याकडं सोडलं नव्हतं. मे महिना, पत्र्याखाली बसवत नव्हतं, दिवसाची लाईट जायची, त्यात लग्नसराईचे ब्लाऊज डोक्यावर. तुमच्याकडं माठ आहे, कूलर आहे, बारा ते चार तिथं बसंल आणि माझी मशीन चालंल, एवढाच माझा विचार. त्याआधी मी तिला दुसऱ्या एका मोठ्या वाचनालयात नेलं होतं, तिथं लहान लेकरांनी कपाटाला हात लावायचा नाही म्हणून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी जरा लवकर आले. दारातच थांबले, कारण परी लांब टेबलाच्या कोपऱ्याला बसली होती आणि तिच्यापुढं पुस्तक उघडं होतं. बोट एका ओळीवर आणि नजर दुसरीकडंच. तुम्ही तिकडून आलात. मला वाटलं आता म्हणणार, वाच बघू बाळा. तुम्ही काहीच म्हणला नाहीत. ड्रॉवर उघडला, त्यातनं पुस्तकाच्या खिशात असतं ते जुनं कार्ड काढलं, तपकिरी पडलेलं, कोपरे मऊ झालेले, वर निळ्या शाईनं दाखल क्रमांक, खाली तारखांचे शिक्के, शेवटचा १९९८चा. ते तुम्ही पहिल्या ओळीच्या खाली आडवं धरलंत. सगळं पान झाकलं गेलं, एकच ओळ उघडी राहिली. आणि म्हणलात, "आज एवढीच ओळ हाय. बाकीची मी झाकून ठेवलीत, कुठं पळून जात नाहीत त्या."

आणि मग तुम्ही तिच्याकडं पाठ करून बसलात. खळीची वाटी पुढं ओढून एका फाटक्या पुस्तकाचा पुठ्ठा चिकटवायला लागलात.

ती पाठ, काका. त्याच्याबद्दल आभार मानायचेत मला. तोवर माझ्या पोरीनं जेव्हा जेव्हा पुस्तक उघडलं तेव्हा कोणीतरी तिच्या तोंडाकडं बघत होतं, आता चुकंल, मग चुकंल. मी पण बघत होते. पहिल्यांदा असं कोणी भेटलं की ज्यानं तिच्यावरून नजर काढून घेतली. मी चप्पल हातात घेऊन दारात उभी. बराच वेळ काही नाही, नुसता कूलरचा आवाज. मग टेबलावर कार्ड सरकल्याचा आवाज आला, खस्स करून. थोड्या वेळानं परत एकदा. चार का पाच वेळा सरकलं, आणि तुम्ही एकदाही मागं वळून बघितलं नाही. एवढं मन आवरायला काय लागतं ते मला माहीत आहे, मी आई असून मला ते जमलं नव्हतं.

पुढचं सगळं त्या कार्डामागून आलं. आधी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर', पानभर चित्र आणि मोजक्या ओळी, पान बघूनच लेकराला धीर आला. मग सुतळीनं बांधलेले 'किशोर'चे जुने अंक. पाठ्यपुस्तक मंडळाचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, मी शाळेत असताना नुसतं बघायचे, घरी कोण आणून देणार. परी कोडी आधी बघायची, म्हणलात बघू दे, कोडं वाचलं तरी वाचलंच. पहिली वेलांटी तिला कधी कळायची नाही, अक्षराच्या आधी दिसते आणि म्हणायची मात्र नंतर. मी चिडून चिडून सांगायचे. तुम्ही सांगितलंत, ही वेलांटी म्हणजे दवाखान्यात सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली बाई, बसली जरी पुढं तरी तिचा नंबर मागून लागतो. त्या दिवसापासून चूक झाली की ती स्वतःच म्हणते, थांब बाई, तुझा नंबर नंतर. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पहिली दोन पानं तुम्ही वाचून दाखवलीत आणि बरोबर नको तिथं थांबलात. तिला राहवलं नाही. 'फुरसुंगी' हा शब्द तिसऱ्या झटक्यात आला आणि घरी येऊन दिवसभर आपलं 'ट्टॉक' चालू, तिचे पप्पा टेम्पो घेऊन चार दिवसांनी आले तर त्यांना दारातच 'ट्टॉक'.

शनिवारच्या पिक्चरचं तर सांगायलाच पाहिजे. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, पुतण्याचा लॅपटॉप, कोणाकडनं तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, समोरची भिंत आणि घामानं निथळणारी तीसेक लेकरं. माजिद माजिदी यांचा इराणचा पिक्चर, १९९७चा, 'चिल्ड्रन ऑफ हेवन'. भाऊ-बहिणीत बुटाचा एकच जोड, सकाळी तिनं घालायचा, दुपारी त्यानं. बोलणं फारसीत, खाली पट्टी इंग्रजीत. तुम्ही आवाज बारीक केलात आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येकाचं बोलणं आपल्या भाषेत बोलत गेलात, बापाचा आवाज वेगळा, पोरीचा वेगळा. ज्याला इंग्रजी येतं तो आणि ज्याला मराठी पण वाचता येत नाही ते, त्या अंधारात सारखेच झाले. शर्यतीत तिसऱ्या नंबराला बूट मिळणार असतात, म्हणून त्या पोराला तिसराच नंबर पाहिजे असतो आणि चुकून पहिला येतो. पहिला आला म्हणून रडतो लेकरू. आपल्या जिल्ह्यातली तीस पोरं पहिला नंबर आलेल्या पोरासाठी हळहळायलेली मी त्या दिवशी बघितली. घरी येताना परी म्हणली, मम्मी, पहिलं यायचं नव्हतं ना त्याला, बहिणीला बूट द्यायचे होते.

पुढच्या शनिवारी 'एलिझाबेथ एकादशी'. त्यातल्या आईची स्वेटर विणायची मशीन जाते आणि लेकरं पंढरपुरात एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. रात्री परी माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बसली आणि चाकावर हात ठेवून विचारलं, आपली कोणी नेणार नाही ना? नाही म्हणलं. मग तिनं चाक पुसून ठेवलं.

मला तुम्ही 'तोत्तोचान' दिलंत, "हे पोरीचं नाही, तुमचं हाय" म्हणून. बारावीनंतर मी पहिल्यांदा अख्खं पुस्तक वाचलं. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा, नव्या पोरीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक, ते सगळं आवडलं, पण मी अडकले ते दुसरीकडंच. त्या लेकराला आधीच्या शाळेनं पहिलीतच काढून टाकलेलं असतं आणि तिची आई ते तिला वीस वर्षांची होईपर्यंत सांगत नाही. मी मात्र ब्लाऊजचं माप घेता घेता प्रत्येक बाईला सांगत होते, हिला वाचायलाच येत नाही ओ. परी तिथंच काज करत बसलेली असायची. ते पान मी तीनदा वाचलं. तेव्हापासून एकदाही कोणाला बोलले नाही.

आता तपासणी, कागदपत्रं, लातूरच्या खेपा ते सगळं चालू आहे, त्याचं इथं सांगत बसत नाही. ती फाडफाड वाचायला लागली असं पण नाही, दमते, अडते, जोडाक्षराला रडू येतं. पण पुस्तक बघून हात थंड पडत नाहीत, आणि शाळा सुटली की दप्तर टाकून तुमच्याकडं पळते.

तुमच्यासारख्या वाचनालयातल्या माणसाला महिन्याकाठी काय हातात पडतं आणि ते अनुदान कधी येतं हे आता मला थोडंफार कळलंय. त्यातनं तुम्ही माठ भरून ठेवता, कूलरला पाणी घालता, कोणाच्या लेकराला घर लांब असंल तर एसटीपर्यंत सोडून येता. भलेपणा म्हणजे मोठं काहीतरी असतंय, पैसा लागतोय, ओळख लागतीय असं मला वाटायचं. तुम्ही तर नुसतं ड्रॉवर उघडलं. आपल्याकडं अजून अशी माणसं आहेत, टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर, मोंढ्यात, कोणाच्या फ्लेक्सवर नाहीत, त्यांच्यावरच लेकरं मोठी व्हायलीत.

एक राहिलं. ते कार्ड. ते परीच्या दप्तरात असतं, शाळेत पण तेच लावून वाचते, रात्री उशीखाली. मी म्हणलं ते वाचनालयाचं आहे, परत द्यायचं, तर तोंड एवढंसं झालं. तुमच्या कपाटात २१४७ नंबरचं कोणतं तरी पुस्तक कार्डावाचून पडलं असंल. म्हणून आम्ही त्याला नवीन कार्ड केलंय, साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा मी कापला, नंबर परीनं लिहिलाय. चार उलटा पडला होता, तो खोडून शेजारी परत नीट काढलाय. रविवारी दुपारी घेऊन येतो.

तुमची,
परीची मम्मी