केप्लरची आई जाळली गेली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला चेटकिणींच्या छळावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार मानणार होते, पण तिसऱ्या स्तंभात थबकले. ग्रहगतीचे नियम मांडणाऱ्या केप्लरच्या आईलाही चेटकीण ठरवून जाळले, असे तिथे छापले आहे. हे साफ चूक आहे. मी नोकरीभर दहावीला विज्ञान शिकवले, केप्लरचे तीन नियम दरवर्षी फळ्यावर लिहिले. ते वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही.

1615 मध्ये जर्मनीतल्या लिओनबर्ग गावात उर्सुला राइनबोल्ड या बाईने आरोप केला की, कॅथरिना केप्लरने दिलेल्या कडू पेयामुळे आपल्याला दुखणे जडले. दोन्ही घरांत आधीपासून धुसफूस होतीच. एकीने तोंड उघडल्यावर बाकीच्यांनाही आठवू लागले. कोणाचे जनावर मेले होते, एका मुलीचा हात दुखू लागला होता, शाळामास्तर लंगडा झाला होता. केप्लर कुटुंबाने उलट बदनामीचा दावा लावला, तो वर्षानुवर्षे रखडला. ऑगस्ट 1620 मध्ये सत्तरी उलटलेल्या कॅथरिनाला लेकीच्या घरातून रात्री अटक करून, कपड्यांच्या पेटीत घालून नेले. पुढे चौदा महिने ती साखळदंडात होती. पहाऱ्यावरच्या दोन माणसांचा खर्चही तिच्याच मालमत्तेतून घेतला.

केप्लर तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिन्झला होता, सम्राटाचा गणितज्ञ होता. तो सगळे सोडून आईच्या मुलखात, वुर्टेम्बर्गला आला आणि वर्षभर आईचा खटला लढला. शंभराहून अधिक पानांचे बचावपत्र तयार झाले. त्यात एकेका साक्षीची उलटतपासणी आहे. कोण कधी आजारी पडले, आरोप केव्हा सुचला, दुखण्याला दुसरे कारण होते का, हे सारे त्यात तपासले आहे. मास्तर लंगडा झाला तो चर ओलांडताना मारलेल्या उडीमुळे, पेयामुळे नाही, हेही त्यात आले. प्रकरण ट्युबिंगेन विद्यापीठाच्या विधी विभागाकडे गेले. त्यांनी निकाल दिला की म्हातारीला छळाची हत्यारे दाखवून धाक घालावा, प्रत्यक्ष छळ करू नये. सप्टेंबर 1621 मध्ये तिला हत्यारांसमोर उभे केले. शरीरातली एकेक शीर उपसून काढलीत तरी कबूल करण्यासारखे माझ्याकडे काही नाही, अशा अर्थाचे तिने सांगितले. ऑक्टोबरमध्ये ती सुटली. एप्रिल 1622 मध्ये वारली.

ग्रहाच्या आवर्तकालाच्या (सूर्याभोवती एका फेरीला लागणाऱ्या वेळेच्या) वर्गाचा आणि सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाचा संबंध सांगणारा तिसरा नियम केप्लरला मे 1618 मध्ये सापडला. म्हणजे आईवरचे किटाळ गावभर झालेले असतानाच. हे मी वर्गात आवर्जून सांगायचे, मुले एकदम शांत व्हायची. तुमच्या एका वाक्याने त्या बाईचे धैर्य पुसले आणि मुलाचे वर्षभराचे कष्टही.

लेखात आणखीही चुका आहेत. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली कोणालाही जाळलेले नाही. एकोणीस जणांना फाशी दिले, आणि गाइल्स कोरी हा म्हातारा आरोपाला उत्तर देईना म्हणून त्याला दगडांखाली दाबले, त्यात तो मेला. युरोपातला छळ ‘मध्ययुगातला’ म्हणता, पण त्याचा कहर 1560 ते 1630 च्या आसपास झाला. तेव्हा छापखाने होते, विद्यापीठे होती, सही करणारे कायदेपंडित होते. बळींचा आकडा ‘लाखो’ लिहिला आहे. इतिहासकारांचा अंदाज चाळीस ते साठ हजारांचा आहे, त्यात बहुतेक स्त्रिया. एवढी माणसे मेली हे पुरेसे भयंकर नाही का? फुगवून सांगितले की वाचणाऱ्याला ती दंतकथा वाटते.

मी इतकी चिडले आहे त्याला कारण आहे. आमच्या शेजारची मुलगी वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहिते आहे. काल संध्याकाळी तुमचे कात्रण घेऊन माझ्याकडे आली. केप्लरच्या आईचा शेवट तिने पाठही केला होता. मी चूक दाखवली तेव्हा म्हणाली, ‘‘पण बाई, पेपरात आलंय.’’ तिला मी काय सांगू?

याच पुरवणीत मागच्या वर्षी गॅलिलिओला जाळल्याचे छापले होते. जाळले ते जॉर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाला, 1600 साली रोममध्ये. गॅलिलिओ 1642 मध्ये स्वतःच्या घरी, नजरकैदेत वारला. तेव्हाही मी पत्र पाठवले होते. ना उत्तर आले, ना दुरुस्ती. आपल्याकडे पुरवणीचा मजकूर छपाईपूर्वी कोणी वाचतो की नाही?

या वेळची दुरुस्ती कृपया निविदांच्या पानावर बारीक टाइपात घालू नका. येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, कॅथरिना केप्लरचे नाव घालून छापा. त्या मुलीची स्पर्धा त्यानंतरच्या आठवड्यात आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा