नंबिंग क्रीम लावण्याआधी चालू गोळ्या विचारा

संपादक महोदय,

लेझर असो की टॅटू, आता आधी नंबिंग क्रीम म्हणजे कातडी बधिर करणारं मलम फासतात आणि वरून प्लास्टिक गुंडाळतात, पण बाकी कुठली औषधं चालू आहेत हे विचारत नाहीत. इथे इंदूरात माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. स्किनच्या त्रासासाठी तिला डॅप्सोन चालू होतं आणि पार्लरवालीने दोन्ही पायांना भरपूर क्रीम लावली. संध्याकाळी पोरीचे ओठ निळे, डोकं ठणकतंय, धाप लागलीय. दवाखान्यात ऑक्सिमीटर 85 च्या आसपास अडकलं, ऑक्सिजन लावला तरी हलेना, आणि रक्त काढलं तर चॉकलेटी! ड्यूटीवरच्या डॉक्टर ताईंनी पहिलं विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत हिच्या?" वहिनींनी पर्समधली स्ट्रिप दाखवली तेव्हा कुठे उलगडा झाला.

यात होतं असं की अशा क्रीममध्ये पुष्कळदा लिडोकेनबरोबर प्रिलोकेन असतं (दोन्ही बधिर करणारी औषधं), या प्रिलोकेनने हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलून मेटहिमोग्लोबिन तयार होतं, ते ऑक्सिजन धरतच नाही आणि उरलेलं चांगलं हिमोग्लोबिनही धरलेला ऑक्सिजन सहज सोडत नाही. एरवी हे रक्तात जेमतेम 1 टक्का असतं, शरीर ते निस्तरतं. पण डॅप्सोन, मलेरियाची प्रायमाक्विन, सल्फाच्या गोळ्या, हार्टची नायट्रेट, फिटची फेनिटोइन यातलं काही आधीच चालू असेल तर एकावर एक भर पडते. साधं ऑक्सिमीटर यात नीट आकडा दाखवत नाही, रक्ताची को-ऑक्सिमेट्री, म्हणजे मेटहिमोग्लोबिन किती आहे ते मोजणारी तपासणी लागते.

उपाय आहे, मिथिलीन ब्लू शिरेतून देतात, भाचीला त्यानेच बरं वाटलं. पण जी6पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर तेच औषध रक्तपेशी फोडू शकतं आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर सेरोटोनिन सिंड्रोम (मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन फार वाढून होणारा गंभीर त्रास) होऊ शकतो, म्हणजे तिथेही परत चालू गोळ्यांचीच यादी लागते!

तान्ह्या बाळांना तर जास्तच धोका कारण त्यांचं हे निस्तरणारं एन्झाइम अजून कमी असतं. दात येताना हिरड्यांना लावायच्या बेंझोकेनच्या (हेही बधिर करणारं औषध, यानेही हाच त्रास होतो) जेलबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्येच सांगितलं की 2 वर्षांखालच्या मुलांना लावू नका.

दवा बाजारातल्या दुकानदारांनी क्रीम देताना आणि पार्लरवाल्यांनी लावताना एवढं विचारावं, आणि डॅप्सोन लिहिणाऱ्या डॉक्टरांनी पर्चीवरच ‘नंबिंग क्रीम लावण्याआधी मला विचारा’ असं लिहून द्यावं. आपल्या आरोग्य पानावर अशा औषधांची यादी मोठ्या अक्षरात छापाल का?

– एक वाचक, रामबाग, इंदूर